पाचवी सवाष्ण

जयवंतानं ‘सम्राट’च्या चकचकीत बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि सावकाश स्वस्तिक काढलं. चार सवाष्णी ओवाळून बाजूला झाल्या होत्या. पाचवी ती.

आतमध्ये थंडगार हवा सोडणारी ही नवी मोटार पाहायला अर्धी धरमपेठ शोरूममध्ये लोटली होती. मालक कृष्णकांतबाबू किल्ली मुठीत धरून मिरवत होते. मुहूर्त पाहिल्याशिवाय हा माणूस साधा कुलपाला हात लावायचा नाही! परवा त्यांचा नवा मॅनेजर मुकुंद जयवंताच्या फुलांच्या दुकानी हार सांगायला आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, एक सवाष्ण कमी पडून राहिली.

"मी येतो ना," जयवंता म्हणाली होती.

आज सकाळी तिनं नऊ वर्षांनी कपाळावर कुंकू रेखलं. सूडच घ्यायचा होता तिला, आणि त्याची तिला काडीची लाज वाटत नव्हती.

तिचा नवरा रुपराव कृष्णकांतबाबूंच्या गाडीवर ड्रायव्हर होता. अपघाताच्या दिवशी त्याचा डबा घेऊन ती बंगल्याच्या फाटकाशी उभी होती. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"साहेब, ब्रेक लागून नाही राहिला."

"आजच्या दिवस चालवून घे!"

बुटीबोरीच्या वळणावर गाडी झाडावर आदळली आणि रुपराव जागच्या जागी गेला. साहेबांनी पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हर दारू प्यायला होता. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस! तेव्हापासून सारी वस्ती तिला दारुड्याची बायको म्हणायची. हे मात्र तिला कधी गिळता आलं नाही.

"आता नाव घे वं!" बायांनी गिल्ला केला. सुभद्राबाई, म्हणजे मालकीणबाई, हसून म्हणाल्या, "हो हो, नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही!" मुकुंदनं हौसेनं माईक पुढे धरला.

जयवंतानं पदर सारखा केला.

"नव्या मोटारीले ओवाळलं, वाहिलं गेंद्याचं फूल,
रुपरावचं नाव घेतो, त्याईची नव्हती भूल."

सवयीनं टाळ्या पडल्या. कृष्णकांतबाबूंच्या हातातली किल्ली मात्र खणकन फरशीवर पडली.

"कोण गं हे रुपराव? नाव ऐकल्यासारखं वाटतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"साहेबाले विचारा बाई. नऊ वर्षं झाले त्याईले जाऊन."

बायांच्या नजरा तिच्या कपाळावर गेल्या, तिथून बॉनेटवरच्या स्वस्तिकावर. सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

मुहूर्त टळत होता. मुकुंदनं किल्ली उचलून साहेबांच्या हातात दिली. ते गाडीत बसले. पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. इंजिन सुरू झालं. लोक दोन्ही बाजूंना सरकले.

जयवंता आपली रिकामी टोपली घ्यायला गाडीच्या मागं गेली. गाडी हलत नव्हती. मागचे दोन लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. साहेब ब्रेक दाबून पाहत होते. परत दाबत होते. तिनं टोपली काखेत मारली आणि बाहेर पडली. शोरूमच्या फाटकाशी पोचून वळून पाहिलं, तर लिंबं चाकांखाली तशीच अख्खी होती.