कोरी वाटलेली फिल्म

परवा जुन्या प्रयोगशाळेत गेले, तर डार्करूमच्या जागी झेरॉक्सचं मशीन. मला चक्क गलबलून आलं. लाल दिवा, टपटपणारा नळ, व्हिनेगरसारखा भपकारा. असल्या खोलीसाठी कुणी डोळे पुसतं का? मी पुसले. आता कॉम्प्युटर झटक्यात चित्र काढून देतो, कुणाचा जीव म्हणून टांगणीला लागत नाही.

माझा लागला होता. विषाणू शिरला की पेशीचं प्रथिनं बनवणं बंद पडतं, हे ठाऊक होतं. पेशी मरायला टेकते म्हणून तिचा कारखाना थकतो, असं आमचे सर वर्षानुवर्षं शिकवायचे. मला ते फक्त दाखवायचं होतं. पेशींना किरणोत्सारी खुराक द्यायचा, म्हणजे त्या वेळी बनणारी प्रथिनं फिल्मवर काळ्या पट्ट्या होऊन उमटतात; प्रथिन जितकं जास्त, तितकी पट्टी गडद. माझ्या आधीच्या फिल्म वाया गेल्या होत्या. "ही शेवटची," सरांनी बजावलं होतं. "नाहीतर गाशा गुंडाळ आणि घरी जा."

फिल्म पाण्यातून काढली. निरोगी पेशींच्या रांगेत पट्ट्याच पट्ट्या. विषाणू घातलेल्या रांगेत चार-पाच काळ्याकुट्ट रेघा, बाकी सगळं कोरं. कारखाना थकला असता तर सगळ्याच पट्ट्या सारख्या फिकट व्हायला हव्या होत्या. वाटलं, खुराकच नीट पोचला नाही. रडवेली होऊन सरांकडे गेले. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली.

"पेशी मेल्या होत्या?"

"नाही सर. मायक्रोस्कोपखाली ठणठणीत दिसत होत्या."

"आणि या रेघा?"

"विषाणूच्या असणार. पण इतक्या गडद?"

सरांनी फिल्म टेबलावर ठेवली. मग खुर्चीत टेकले.

"म्हणजे कारखाना थकलेला नाहीच! अगं, चूल पेटलेली आहे, आचारी जागेवर आहे. या पाहुण्यानं घरच्यांची ताटं तेवढी बंद केलीत आणि स्वतःला वाढून घेतोय." ते हसले, पण चेहरा पार उतरला होता. "इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं की गं मी."

संपलं, मला वाटलं. आपल्याला खोटं पाडणारी पोरगी कशाला ठेवून घेतील? खडूस म्हणून ख्याती होती त्यांची. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते मला वर्गात घेऊन गेले. "आजचा तास ही घेईल," एवढंच बोलले आणि पोरांमध्ये मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसले. माझं ततपप झालं, पण फिल्म दाखवली, सगळं सांगितलं. शेवटी मागून एक हात वर झाला. सरांचाच.

"बाई, कारखाना पेशीचा. मग तो पेशीचं सोडून विषाणूचंच का ऐकतो?"

ते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"ठाऊक नाही, सर."

"मग शोधा की," सर म्हणाले. "घरी जायची कसली घाई आहे?"