देविकाच्या जिभेवरचा डाग

देविकाच्या जिभेच्या कडेला पांढरा डाग उठला तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती, आणि आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. गिरगावातल्या नेहमीच्या डेंटिस्टनं टोचणारी दाढ घासून दिली, चूळ भरायला औषध दिलं. डाग जाईना. शेवटी परळच्या एका डॉक्टरांनी तिथला इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला तर डॉक्टर तिला सोडून तिच्या नवऱ्याशी, मनमोहनशीच बोलायला लागले. "कॅन्सर नाही. पण पेशी बदलू लागल्यात, काढून टाकलेलं बरं. मिश्री-तंबाखू काही? बायका सांगत नाहीत हो."

"मी इथेच बसलेय," देविका म्हणाली. "मला विचारा."

डॉक्टर ओशाळले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, नमुन्यात एक विषाणूही सापडलाय. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं मुकाट पडून राहू शकतो. डाग त्याच्यामुळेच आला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तो कुणाकडून आला हे तर नाहीच.

त्याच दिवशी संध्याकाळी ती भाजी घेऊन परतली तर तिचं कपाट सताड उघडं. साड्या विस्कटलेल्या, पर्स पलंगावर पालथी, आणि मनमोहन तिचा फोन चाळत बसलेला.

"तंबाखू शोधतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "हे कुठून आलं ते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या दिवसांत दुखतंय का, एवढंही त्यानं विचारलं नव्हतं.

"लग्नाआधीची तुझी लफडी तूच मला हसत हसत सांगितलीस. मी कधी तुझा खिसा चाचपला? फोन ठेव."

त्यानं ठेवला. "तसं नाही गं..."

"तसंच आहे. आता त्या साड्यांच्या घड्या घाल. सगळ्या."

ऑपरेशनला ती शीवच्या बहिणीला, ललिताला, घेऊन गेली. डाग पूर्ण निघाला; तपासण्या मात्र पुढे करत राहाव्या लागणार होत्या. जिभेला टाके, बोलणं बंद. घरी मनमोहननं भाताची पेज करून आणली. पलंगाशी बसून खालमानेनं म्हणाला, "चुकलं माझं."

देविकानं वाटी घेतली, सावकाश पेज संपवली. मग रिकामी वाटी त्याच्या हातात दिली आणि दाराकडे बोट दाखवलं.