व्हिलनची बाजू

मित्रांनो, मी एक जुना काळा वकिली गाऊन आहे. नाशिकच्या कोर्टात शामसुंदर वकिलांच्या खांद्यावर मी बरीच वर्षं काढली. खुनाचा आरोपी असो की कोंबडीचोर, बाजू मांडल्याशिवाय कोणाला शिक्षा होताना मी पाहिली नाही. वकीलसाहेबांचा युक्तिवाद रंगला की पक्षकार माझ्याकडेही कौतुकाने पाहत.

१९९८ साली मी काखेत उसवलो. साहेबांनी नवा गाऊन शिवला आणि मला त्यांच्या मुलीच्या, तृप्तीच्या, हवाली केलं. कॉलनीतल्या पोरांनी मला तिच्या अंगावर एकदाच पाहिलं आणि निकाल दिला: काळा झगा म्हणजे व्हिलन. गळ्यात लाल टॉवेल बांधलेला विहंग सुपरहिरो. पुरावा काय? तर रंग!

खेळ रोज तोच. चेंडू म्हणजे पृथ्वी. तृप्तीने ती पळवायची, विहंगने धपाटे घालून सोडवायची. का पळवली, हे विचारायची पद्धतच नाही. पृथ्वी वाचली की त्याच चेंडूने क्रिकेट सुरू. तृप्तीने बॅटिंग मागितली की, "उद्या गं!" मित्रांनो, इतक्या तारखा मी कोर्टातही पाहिल्या नव्हत्या.

एके दिवशी तिने मला पायरीवर भिरकावलं. "मी नाही खेळणार, जा!"

"अगं, मग मी मारू कोणाला?" विहंग म्हणाला.

सुपरहिरोचं सगळं मानसशास्त्र या एका प्रश्नात आलं. टॉवेल बांधून बिचारा नुसताच उभा. मग त्याने शेजारच्या सविताला ढकललं, कोणाची तरी तुळस लाथेने पाडली. जग वाचवायला मिळेना, म्हणून गडी ते बिघडवायला निघाला! शेवटी सविताच ओरडली, "तुझ्यापेक्षा ती व्हिलन बरी होती रे!"

विहंग पडेल चेहऱ्याने तृप्तीकडे आला. "ये ना यार."

"आधी विचारायचं, मग मारायचं."

"बरं बाई. का पळवतेस पृथ्वी?"

"तुम्ही मला बॅटिंग देत नाही म्हणून!"

"एवढंच?"

"एवढंच. उन्हाळाभर मार खातेय मी त्यासाठी."

विहंगने टॉवेलला नाक पुसलं आणि बॅट तिच्या हातात दिली. पहिल्याच चेंडूवर तिचा त्रिफळा उडाला. "ट्रायल बॉल होता," असं ठणकावून ती तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, मला घडी घालून जपा, असं मी म्हणत नाही. खुशाल मातीत लोळवा. पण ज्याच्या अंगावर मला चढवाल, त्याला धपाटा घालण्याआधी एक वाक्य तरी बोलू द्या. बहुतेकांकडे एकच असतं.