काकांचा अंगठा

बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी काकांचा अंगठा अजून नोकरीतच होता. त्यांचं घर बाजाराच्या तोंडाशी. कुणाला एखाद्या नोटेचा संशय आला की ती त्यांच्याकडे यायची. काका ती उजेडात धरून आतला पुसट चेहरा बघत, तिरकी करून धाग्याचा रंग बदलतो का ते बघत आणि शेवटी सहीच्या शेजारी अंगठा फिरवत. मग "चालेल" किंवा "नको", एवढंच. त्यांनी चालेल म्हटलेली नोट बाजारात पुन्हा कुणी उलटून पाहत नसे.

चेहरा आणि धागा कसा बघायचा, हे ते येईल त्याला हौसेनं शिकवत. सहीशेजारच्या जागेचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. तिथली शाई खऱ्या नोटेवर किंचित खरखरीत लागते, हे त्यांना पस्तीस वर्षं गड्ड्या मोजून कळलं होतं. ते त्यांनी फक्त जावयाला सांगितलं.

जावयाचा लहानसा छापखाना होता. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, पावतीपुस्तकं असली कामं. दर रविवारी तो काकांच्या मुलीला घेऊन यायचा आणि जेवण झालं की सासऱ्यांसमोर बैठक मारायचा. काकांच्या बायकोनं हयातभर या विषयाला "पुरे झालं आता" म्हटलेलं. मुलगी तर नोटेचं नाव निघताच भांडी आवरायला उठे. जावई मात्र मन लावून ऐकायचा. घाईतला माणूस काय बघतो, काय बघायचं सोडून देतो, असं खोदून विचारायचा. उशिरा का होईना, आपल्याला मुलगा मिळाला, असं काकांना वाटू लागलं होतं. अशाच एका रविवारी त्यांनी त्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरून त्या जागेवरून फिरवला होता.

पुढं चारेक महिन्यांनी, मंगळवारी सकाळी बटणवाली आली. बटणं, चेन आणि रिळांचं तिचं दुकान. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळावं. त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती.

"काका, त्या बारा नोटा तुम्हीच बघून दिल्या होत्या," ती म्हणाली. "अकरा बँकेनं ठेवून घेतल्या. ही बारावी गल्ल्यात राहिली होती."

काकांनी तिला बसायला सांगितलं आणि भिंग काढलं. बारीक अक्षरं फिस्कटलेली होती. धागा नुसता चकचकीत, तिरका केला तरी रंग तोच. मागची छपाई धुतल्यासारखी. शिकाऊ पोरालाही कळावी अशी नोट. सहीशेजारी मात्र खरखर होती, खऱ्या नोटेपेक्षाही अंमळ जास्तच. बाकी सगळीकडे कागद गुळगुळीत. अलीकडे आपण चेहरा आणि धागा नावापुरताच बघतो, अंगठा तिथं टेकला की निकाल देऊन मोकळे होतो, हे काकांच्या लक्षात आलं. ही नोट बाजारासाठी बनवलेलीच नव्हती. ती त्यांच्यासाठी बनवली होती.

त्यांनी बटणवालीला ती नोट मागितली आणि तसेच चपला घालून छापखान्यात गेले. जावई माल पोचवायला गेला होता. मुलगी टेबलाशी पावतीपुस्तकं शिवत बसली होती. काकांनी नोट तिच्यासमोर ठेवली. तिनं ती हातात घेतली नाही.

सुई थांबवून ती बोलू लागली. नोटा बाहेरून येत होत्या, इथं फक्त सहीशेजारी खरखरीत शाईचा एक हात दिला जाई.

"तुला माहीत होतं?"

"मीच त्यांना म्हटलं, बाबांना विचारा. बाबांनी चालेल म्हटलं की पुढं कुणी बघत नाही." तिनं सुई पुन्हा कागदात घातली. "आणि तुम्हीही खूश होतात ना. कुणीतरी ऐकून घेत होतं."

काकांना जावयाचा राग येत होता. तो त्यांना झेपण्यासारखा होता. हे मात्र नव्हतं. त्यांनी नोट घडी न घालता खिशात ठेवली आणि पोलीसचौकीत गेले.

जबाब त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. जावयाचं नाव लिहून झालं आणि पेन थांबलं. फौजदार समंजस होता. आणखी कोणी, असं त्यानं विचारलं नाही. काकांनी पुढच्या ओळीत मुलीचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद पुढं सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानोदुकानी फिरले. मी पास केलेल्या नोटा बँकेत दाखवून घ्या, चूक माझी आहे, असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी पाणी दिलं. कुणी त्यांच्यादेखतच गल्ला उपसला. चांभारानं विचारलं, "माहितगार कोण होतं हो?" तेव्हा काकांनी घरातलंच, असं सांगितलं आणि पुढच्या दुकानात शिरले.

जावई आत गेला, पाठोपाठ मुलगीही. महिन्याभरानं मुलीला जामीन मंजूर झाला, पण जामीन राहायला सासरचं कुणी आलं नाही. काका घराची कागदपत्रं पिशवीत घालून गेले आणि उभे राहिले.

तुरुंगातून बाहेर पडल्यावर ती पायरीवर थांबली. "मी तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"नव्हतंस," काका म्हणाले.

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. ती कुठल्या बाजूला वळते ते त्यांनी पाहिलं. मग पिशवी काखेत धरून ते दुसऱ्या बाजूनं घरी निघाले.