झाकणावरचा हात

मी कंद बोलतोय. दोन बोटं जुळवल्यासारखा दिसणारा, प्रत्येक बोटाच्या टोकाला एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, असलेला. माझी वेल पानांच्या टोकांनी दोरी धरत खिडकीपर्यंत चढते आणि तिला केशरी फुलं लागतात, अगदी इवले कंदीलच. ते पाहायला येणारे-जाणारे थांबतात. मातीतल्या मला कोण विचारतो?

मला ओळखायचे ते घड्याळं दुरुस्त करणारे काका. वेल पिवळी पडली की ते पाणी बंद करत. थंडीआधी मला हलकेच उकरून, सुट्या चक्रांच्या जुन्या डब्यात कोरड्या वाळूत निजवत. "नीज आता," म्हणत. ऊन तापलं की पुन्हा कुंडी. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी, वेल फुलांवर असतानाच काका गेले. काकूंनी देवापुढे हात जोडून नेम धरला, की यांच्या वेलीला एक दिवसही पाण्यावाचून ठेवणार नाही. इतकं मला कुणीच जपलं नव्हतं. पण वेल नेहमीसारखी पिवळी पडली आणि ती मरतेय असं वाटून काकू दुप्पट पाणी घालू लागल्या. मला झोप आली होती हो! सांगणार कसं? माझं एक बोट कुजलं.

चार दिवस राहायला आलेल्या नणंदेला कुंडीचा वास आला. दादा थंडीत ही कुंडी रिकामी ठेवायचा, हे तिला आठवलं. काकू ऐकेनात. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा?

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, दादाचा दुपारी डोळा लागला की तू आम्हाला खोकूसुद्धा द्यायची नाहीस. मग याला का गं उठवतेस?"

काकूंनी हातातली झारी खाली ठेवली. मग त्यांनी मला उकरलं, कुजलेलं बोट कापलं, जखमेला राख लावली आणि तो डबा शोधून काढला. देवाला म्हणाल्या, "नेम रोजचाच राहील. पाण्याऐवजी हात ठेवीन."

आता सोबतीला अंधार आणि वाळूत राहिलेली दोन मुकी चक्रं. दिवसातून एकदा झाकणावर तळवा टेकतो. जराशी ऊब उतरते, मग पावलं रिकाम्या घरात दूर जातात.

काकू, तिकडचं एकटेपण मला इथे कळतं. ऊन तापेपर्यंत झाकण मात्र उघडू नका. माझा एक डोळा शाबूत आहे.