एकसारखे फोटो

आमच्या घरात कचरापेटी भरलेली राहत नाही. याला खोड म्हणा, शिस्त म्हणा, पण पेटी अर्धी झाली की माझे हात शिवशिवायला लागतात. लग्न झाल्यापासून ही सवय आहे आणि तिनं आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. परवा मात्र तिनं माझ्याच नवऱ्याच्या पोटावर पाय आणला होता. आता सगळं निभावलंय म्हणून हसत सांगतेय, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. तेलाचा वास घरभर असतो, आता तो येईनासा झाला तर मलाच चुकल्यासारखं होईल. दोघांत फोन एकच. लेक म्हणते, आई, दुसरा घेऊन देते. यांचं म्हणणं, आपल्या दोघांना फोन करणारी माणसं तीच, मग दोन फोन करायचे काय, एकमेकांना लावायचे?

गेल्या वर्षी यांच्या मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं. नशीब चांगलं, हातपाय परत आले, बोलणंही आलं. एकच गोष्ट पूर्ण आली नाही. आधी काय आणि मग काय, हे डोक्यात टिकत नाही. चहात साखर दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. मशीन कुठे दुखतंय ते अजूनही नुसतं चाक फिरवून सांगतात, पण उघडलेलं मशीन कोणत्या क्रमानं जोडायचं ते आठवत नाही. त्यावर डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. एक भाग काढला की एक फोटो काढायचा, आणि जोडताना शेवटच्या फोटोपासून मागे मागे यायचं. तेव्हापासून यांचा स्क्रू अंड्याच्या ट्रेच्या खळग्यात पडला की फोन वर उचलला जातो.

हे फोटो नुसते आमच्यापाशी राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. पण मध्ये नणंदबाई आहेत.

नणंदबाई म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. घराण्याचं हायकोर्ट. साठी उलटलेल्या माझ्या नवऱ्याला त्या अजून 'छोट्या' म्हणतात आणि हे ऐकूनही घेतात. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी त्यांनी निकाल दिला होता, "छोट्या, पुरे झालं आता. शटर ओढ आणि आराम कर." यांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. म्हणाले, "ताई, एकदा करून बघू दे. जमलं नाही तर मीच ओढतो." मग तडजोड झाली, रोज बरा आहेस की नाही ते कळवायचं. आता यांना टाइप करायचा कंटाळा. म्हणून संध्याकाळी त्या दिवसाचे सगळे फोटो हे घरच्या ग्रुपवर टाकायला लागले. झालं, कळवलं!

पंधरा दिवसांत भाचा ग्रुप सोडून गेला. धाकटे दीर म्हणाले, दादा, एखादा फुलाचा फोटोही टाक की. सगळ्यांत मोठा आवाज अर्थात हायकोर्टाचा. "दिवसभराचं काम उरकून फोन हातात घ्यावा तर स्क्रू! भरला माझा फोन तुझ्या भंगारानं!" हे गालातल्या गालात हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायचे.

गेल्या आठवड्यात बाजारातल्या टेलरबाई त्यांचं नक्षीचं मशीन घेऊन आल्या. जुनं, जड, त्याचं माहितीपुस्तक कधीच गहाळ झालेलं. त्याच्या पोटात एका दांड्यावर पितळी चकत्या ओवलेल्या असतात, प्रत्येकीच्या कडेला खाचा. चकत्या ज्या क्रमानं बसतील तशी सुई डावी-उजवी सरकते आणि कापडावर पान उमटतं, वेल उमटतो. बाईंना एका हॉटेलचे टेबलक्लॉथ किनार घालून द्यायचे होते. "दुसरीकडे कुणी हात लावायला तयार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा, काका." आजारपणानंतर एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. बाई गेल्यावर हे मशीनकडे बघत मला म्हणाले, "हे जमलं तर मी अजून मी आहे. नाही जमलं तर ताईचं खरं." मी म्हटलं, "जमेल हो."

दोन दिवस मशीन उघडणं चाललं. चकतीमागून चकती, फोटोमागून फोटो, आणि संध्याकाळी ग्रुपवर वरात. तिसऱ्या दिवशी सकाळी यांनी सगळ्या चकत्या एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये भिजवल्या. फोटो होते ना, काळजी कसली! घासून पुसून त्या जुन्या टॉवेलवर वाळत घातल्या आणि आता दांड्याचा फोटो घ्यावा म्हणून फोन उचलला, तर फोन म्हणतो जागा शिल्लक नाही.

"अहो, ती गुलाबं काढा आधी," मी म्हटलं. रोज सकाळी कोण कोण सुप्रभात म्हणतं त्याची गुलाबं. ती काढली, तरी फोन अडूनच बसला. नातीचे व्हिडिओ केवढे तरी होते, पण त्यांना हात लावायचा नाही यावर आमचं एकमत. लेकीच्या लग्नाचे फोटो? छे! शेवटी फोननंच सुचवलं, की एकसारखे दिसणारे बरेच फोटो आहेत, त्यातला सर्वांत चांगला ठेवून बाकीचे काढू का?

"नातीचे एकसारखे किती आहेत!" मी म्हटलं. "एकाच हसण्याचे दहा दहा. एक चांगला राहतोय ना, मग काढा." यांनी दाबलं. फोननं विचार केला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. काढलेले फोटो कचरापेटीत आहेत आणि पेटी भरलीय.

भरलेली कचरापेटी! तिथे मी यांना दाबूसुद्धा दिलं नाही. स्वतः बोट पुढे केलं आणि केली रिकामी. भरपूर जागा झाली. आम्ही दोघं मोठ्या समाधानानं जेवायला बसलो.

दुपारी हे जोडायला बसले. मी मागे भाजी निवडत होते. बराच वेळ पुढून काही आवाज येईना म्हणून डोकावले, तर फोन हातात आणि चेहरा पांढरा.

"एकच आहे," ते म्हणाले.

खरंच एकच होता. नातीचे दहा हसरे चेहरे फोनला वेगवेगळे वाटले होते, ते सगळे जिथल्या तिथे. पण पितळी चकत्या, तोच ट्रे, तोच दिवा, तेच टेबल, हे सगळे त्याला एकसारखे दिसले. आणि त्यातला सर्वांत चांगला म्हणून त्यानं ठेवला होता तो अगदी पहिला फोटो. झाकण बंद असलेल्या मशीनचा. ग्रुपवर जाऊन पाहिलं तर तिथेही आमच्या फोनमध्ये नुसते धुरकट चौकोन.

मी लेकीला फोन लावला.

"आई, पेटी पण रिकामी केलीस?"

"भरली होती म्हणून केली."

"अगं आई!" मग तिलाच माझी दया आली असावी. "फोटो आधी दुसरीकडे ठेवायचे. तिथे उघडून बघायचे, दिसतात ना ते. आणि मग इथले काढायचे. हे मी तुला शिकवते, पण आता... मी ग्रुपचं सगळं दर रविवारी रात्री उडवते गं. आणि काल नेमका रविवार होता."

दिरांना विचारलं. त्यांनी तर ग्रुपवरचे फोटो आले की लगेच काढायचे, अशी सवयच लावून घेतली होती. "वहिनी, माफ करा, पण स्क्रू कोण ठेवणार?" खरंच कोण ठेवणार! मी म्हटलं, आता ताईंना विचारू.

"नको," हे एकदम म्हणाले. "ताईला नको. तिनं तर फोन भरला म्हणून कधीच काढले असतील. आणि कळलं तर उद्या सकाळी इथे येऊन शटर ओढेल." मग त्यांनी चकत्या हातात घेतल्या आणि अंदाजानं ओवायला लागले. एक ओवली, काढली, दुसरी ओवली. चाक फिरवलं की सुई भलतीकडेच जायची. कापडावर पान उमटायच्या जागी कोंबडीनं पाय नाचवल्यासारखं काहीतरी उमटलं. टेलरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. ऊन उतरलं तसं यांनी टॉवेलवर सगळ्या चकत्या पुन्हा ओळीनं मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत नुसते बसून राहिले. मला ते बघवेना. या माणसाला मी दवाखान्याच्या खाटेवर पाहिलंय, तेव्हाही एवढा खचलेला दिसला नव्हता.

दिवेलागणीला फोन वाजला. नणंदबाई. मी उचलला.

"काय गं, आज स्क्रू नाही आले?"

मी यांच्याकडे बघितलं.

"छोट्या बरा आहे ना? दे त्याला. आज एकही फोटो नाही, मी केव्हाची वाट बघतेय. काय झालंय? लपवू नकोस हं माझ्यापासून!"

हायकोर्टाचा आवाज कापत होता. तो मी आजवर कधी कापताना ऐकला नव्हता. त्या आवाजापुढे मला लपवता येईना. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, गुलाबं, नात, कचरापेटी, पांढरा चेहरा, सगळं. समोरून हे हातानं नको नको करत होते, पण माझी गाडी सुटली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं काय झालं! थांब."

आणि फोन वाजायला लागला. टिंग. टिंग. टिंग टिंग टिंग. ग्रुपवर एकामागून एक चकत्या येत होत्या, ट्रे येत होता, दांडा येत होता. जशा आम्ही पाठवल्या होत्या त्याच क्रमानं, एकही गाळलेली नाही. माझा जीव भांड्यात पडला. यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

ग्रुपवर कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही. मी सगळ्यांत आधी लेकीला कळवलं, हे सगळे तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेव, उघडून बघ आणि दिसले की सांग, तोवर मी इकडे फोनला बोटही लावणार नाही. तिचं उत्तर आलं, "दिसतात. सगळे. बाबांचे अंगठेसुद्धा."

मी नणंदबाईंना पुन्हा फोन लावला. आभार मानायचे होते, पण त्यांचे आभार मानायची सवय नसल्यानं विचारलं भलतंच. "ताई, तुमचा फोन भरला होता ना? मग हे ठेवले कुठे?"

"भरलाच होता. सहलीचे काढून टाकले."

"तुमच्या समुद्राच्या सहलीचे? अहो, पहिल्यांदा समुद्र पाहिलात तुम्ही!"

"पाहिला ना. आता फोटोत काय बघायचाय?" मग आवाज खाली आणला. "त्याच्या फोटोत त्याची बोटं दिसतात गं. फोटो नीट, स्पष्ट आला असला की मी समजते, आज हात स्थिर आहे. हललेला आला की त्या दिवशी मला जेवण जात नाही. त्याला विचारलं तर म्हणणार, बरा आहे. तो काय, मरतानाही बरा आहे म्हणेल. फोटो खोटं बोलत नाही. म्हणून ठेवते सगळे. सांगू नकोस त्याला, डोक्यावर बसेल."

इतके दिवस त्या भंगार भंगार म्हणून ओरडत होत्या आणि आम्ही मागे त्यांना हसत होतो.

रात्री उशिरा शेवटची चकती बसली. यांनी झाकण लावलं, दोरा ओवला, माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा सुईखाली सरकवला आणि चाकावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघता काय, चालवा." मशीन चाललं. एक पान आलं. त्याला लागून दुसरं, मग देठ, मग तिसरं पान, आणि वेल कापडाच्या कडेनं निमूटपणे पुढे सरकायला लागला. हे हसायला लागले. आधी नुसतेच, मग खांदे हलवून, लहान मुलासारखे. मलाही हसू आवरेना. तसंच हसत हसत यांनी वेलाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

फोन खाली ठेवायलाही सवड मिळाली नाही, लगेच वाजला. नणंदबाईंचाच होता. एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की मला लांबूनही ऐकू आलं.

"छोट्या! फोटो हललाय! हात का हलला तुझा?"

"हसत होतो गं, ताई."