चमक जाईपर्यंत

रंगाऱ्याने पुठ्ठ्यांवर नमुने काढून आणले, तोवर थोरल्या लेकीचं बरंचसं ठरलं होतं. झोपायच्या खोल्यांना बिनचमकीचा मॅट, स्वयंपाकघराला किंचित चमकणारा सॅटिन. अडलं होतं ते बाबांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजपाशी. तिथल्या मॅट भिंतीवर कमरेच्या उंचीला काळपट पट्टा उमटला होता. तो बाबांच्या हाताचा. नजर अधू झाल्यापासून ते भिंतीला हात लावत, सावकाश, पण एकटे जायचे. दिवसभरात एवढंच एक काम त्यांचं त्यांना जमत होतं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

"इथे ग्लॉसी मारू, ताई," रंगारी म्हणाला. "ओलं फडकं फिरवलं की डाग गायब. मॅट पुसायला गेलात तर रंगच फडक्यावर येतो."

"सलूनसारखं चकचकीत दिसेल हो."

"दिसेल थोडं. पण गाठ आजोबांच्या हाताशी आहे."

दोघं हसले. खाटेवर बसलेले बाबाही हसले.

रंग चांगला वाळल्यावर थोरलीने पॅसेजमधलं सामान हलवलं. बाबा नेहमीसारखे उठले, दारापर्यंत आले आणि थबकले. दिव्याचा उजेड भिंतीवरून लांबवर घरंगळत गेला होता. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"ओला आहे गं."

"वाळलाय, बाबा. कालच वाळला."

"मला शिकवतेस? चमकतोय बघ."

बाबांची हयात नाटकांचे पडदे रंगवण्यात गेली होती. पडद्याच्या रंगाला चमक चालत नाही. वर दिवे लागले की महाल नि जंगल सगळंच भगभगतं. त्यामुळे त्यांच्या हातचा प्रत्येक रंग ओला असेतोवर चमकायचा आणि वाळला की मंद व्हायचा. चमक जात नाही तोवर बोट लावायचं नाही, हे त्यांनी हाताखालच्या माणसांना दटावून दटावून शिकवलं होतं. हल्ली जेवलो की नाही हेही त्यांना आठवत नसे. हे मात्र पक्कं होतं.

थोरलीने त्यांचा तळवा धरून भिंतीला टेकवला. गार, गुळगुळीत स्पर्श होताच त्यांनी तो ओढून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

"कुणाच्या तरी कामाची वाट लावायची म्हणजे काय."

मग ते पॅसेजच्या मधोमध, हात अंगाशी आवळून चालू लागले. एका दुपारी गुडघ्याने दगा दिला आणि ते पडले. मोडलं काही नाही, पण त्यानंतर ते खाटेवरूनच हाक मारू लागले. थोरली कामावर गेली की हाकेला ओ द्यायला कुणी नसायचं. संध्याकाळी तिला तांब्या भरलेलाच दिसू लागला. बाथरूमला जावं लागू नये म्हणून बाबांनी पाणी पिणंच सोडलं होतं.

तिने रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. सगळं ऐकून त्याने चकचकीत भिंतीवरून बोट फिरवलं.

"माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई."

"माझ्या तरी कुठे आलं? मी तर त्यांची मुलगी."

ग्लॉसीवर मॅट धरत नाही, म्हणून आधी सगळी भिंत घासावी लागली. घरभर पांढरी धूळ उडाली. मग जुन्या छटेचाच मॅट लागला, वाळला, वासही गेला. भिंत पूर्वीसारखी मंद दिसू लागली. फक्त पट्टा तेवढा नव्हता.

"चला बाबा. आता बघा, चमक आहे का?"

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "नाही."

"मग लावा हात."

हात उठला, भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. हात खाली आला.

"राहू दे. अजून थोडा वाळू दे."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिने त्यांना दंडाला धरून पुढे नेलं. पॅसेज अरुंद, दोघांना शेजारी चालायचं तर तिला भिंतीला घासूनच जावं लागत होतं. तोल सावरायला तिने दुसरा हात भिंतीला टेकवला.

बाबा लगेच थांबले.

"हात काढ आधी," ते हळूच म्हणाले. "डाग पडेल."

तिने हात काढला.